कर्तव्यावर होत्या

यवतमाळ
३ मार्च २०२१

आपा,
सलाम.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. फोनवरचं तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून आपली पत्रं चालू राहिली. मला ते बरंच आहे. फोनवर 'कशी आहेस' विचारलं की लगेच उत्तर द्यावं लागतं. पत्रात विचार करायला आठ दिवस मिळतात.

वॉर्ड पुन्हा भरला. जानेवारीत कॉटा रिकाम्या झाल्या तेव्हा मी गाद्या उन्हात टाकल्या, पडदे धुवून घेतले. फेब्रुवारीच्या मध्यात तेच पडदे पुन्हा लावले. सिस्टर लोकांनी किट घातले आणि आत गेल्या.

दिग्रसला तुम्ही माझ्या इनचार्ज होतात तेव्हा मला वाटायचं, यांना काय, खुर्चीत बसून यादी करायची. आता एकवीस जणींची यादी मी करते. चौदा दिवस कोविड वॉर्ड, मग सात दिवस हॉस्टेलवर वेगळं राहायचं, मग साधी ड्यूटी. यादी भिंतीवर लावली की एकेक जण येते, बोट फिरवून आपलं नाव शोधते आणि माझ्याकडे न बघता जाते.

तुमची नात जिया गेल्या महिन्यात कंत्राटावर रुजू झाली, ती माझ्याच हाताखाली आहे. सलाईन लावायला हात चांगला आहे. थोडी फटकळ आहे, ते तुमच्याकडूनच आलं असणार. बावीस मार्चपासून कोविड वॉर्डला तिचा नंबर लागतो.

परवेजभाईंच्या कागदपत्रांचं काम झालं का?

तुमची
वर्षा


दिग्रस
११ मार्च २०२१

वर्षा बेटा,
खूप दुवा.

परवेजचे कागद झाले. त्याच्या गॅरेजचं शटर अजून तसंच बंद आहे. कोणी चावी मागाले येते, मी देत नाई. सहा महिने झाले पोराले जाऊन. सकाळी दोन कप चहा मांडते मी अजून, मग एक परत ठेवते.

आता जे लिहून राह्यली ते लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं. बत्तीस वर्षं नोकरी केली, कोणाच्या पोरीसाठी मी कधी शब्द टाकला नाई, हे तुले माहीत आहे. माह्याकडे आमदाराचा माणूस आला होता एकदा, त्यालेही चहा पाजून परत पाठवलं होतं.

पण जियाले बावीस तारखेले आत पाठवू नको. नवी आहे, तिले लसीचा एकही डोस भेटला नाई. घरात आता मी आणि ती, दोघीच उरलो. मी तर बहिरी म्हातारी. तिले काई झालं तर दवाखान्यातून फोन आला तरी मले ऐकू येणार नाई. शेजारची पोट्टी येऊन पाटीवर लिहून दाखवीन, तेव्हा कळीन मले. परवेजचं तसंच कळलं होतं.

लसीकरणाले टाक, ओपीडीले टाक, कुठंही टाक. एवढी वेळ टळू दे. तिले माह्यं नाव सांगू नको, ती भांडत येईन.

तुही आपा
जैबुनबी


यवतमाळ
३० मार्च २०२१

आपा,
सलाम.

जियाची काळजी करू नका. ती लसीकरण केंद्रावर आहे. सकाळी नऊ ते पाच, बाहेर मंडपात. तिचा स्वतःचा पहिला डोसही झाला.

वॉर्डात सगळं रोजच्यासारखं आहे. बोरी अरबकडची ममता जाधव म्हणून एक सिस्टर आत आहे, तिच्यामुळे निभतं. कोणाची शीर सापडत नसली की सगळे तिलाच हाक मारतात. धनीबाई नावाची एक म्हातारी पेशंट तिच्याशिवाय कोणाच्या हातून पाणी पीत नाही. ममता किटमध्ये असते, फक्त डोळे दिसतात, तरी म्हातारी बरोबर ओळखते.

जास्त लिहायला वेळ नाही.

वर्षा


दिग्रस
१५ एप्रिल २०२१

वर्षा बेटा,
दुवा.

रोजे सुरू झाले. काल पहिला रोजा सोडताना अल्लाजवळ तुह्यं नाव घेतलं. तू माह्यावर केवढा उपकार केला हे तुले समजणार नाई. बावीस तारखेपासून मी रात भर झोपून राह्यली.

जियाचं मात्र काईतरी बिनसलं आहे. शेजारच्या पोट्टीच्या मोबाईलवर ती दर जुम्म्याले माह्यासाठी मोठ्या अक्षरात लिहून पाठवते. यावेळी फक्त 'ठीक हूं' एवढंच होतं. तुह्याशी भांडली का? मंडपात बसून पोट्टी कंटाळली असीन. तिच्या तोंडाकडे पाहू नको, अजून लहान आहे.

तू जेवत जा. तुह्यं अक्षर गेल्या पत्रात उतरत गेलं होतं. पहिल्या ओळीले बरं, शेवटच्या ओळीले पार घसरलं.

तुही आपा


यवतमाळ
२६ एप्रिल २०२१

आपा,
सलाम.

ममता शनिवारी दुपारी गेली. जिच्याबद्दल मागे लिहिलं होतं, ती. एकोणतीस वर्षांची. ड्यूटी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी ताप आला, आठ तारखेला आपल्याच वॉर्डात दाखल केली. तेरा नंबरची कॉट. पहिला डोस झाला होता, दुसरा राहिला होता.

जिया तिच्याजवळ होती. जियानं दहा तारखेला स्वतःहून अर्ज देऊन कोविड वॉर्ड मागून घेतला. मी सही केली. हे तुम्हाला आधी कळवायला हवं होतं. नाही कळवलं.

काल मी ममताच्या नातेवाइकांना भेटले, तिच्या कपाटाची किल्ली दिली, तीन नव्या पेशंटना कॉट लावून दिल्या, ऑक्सिजनच्या माणसाशी भांडले आणि घरी येऊन भेंडीची भाजी केली. भाजीत मीठ टाकलं की नाही आठवत नव्हतं. खाऊन बघितली तरी कळलं नाही. मला ताप नाही, चव गेलेली नाही, तपासणी करून घेतली. नुसतं कळलं नाही.

सिस्टर लोक कपडे बदलायच्या खोलीत रडतात. मी दार वाजवते आणि सांगते, 'दोन मिनिटं, मग बाहेर या.' त्या येतात. माझ्या आवाजात काय असतं कोण जाणे, पण त्या येतात.

वर्षा


दिग्रस
९ मे २०२१

वर्षा,

तुह्यं पत्र वाचलं. ममता पोरीसाठी फातेहा पढली. अल्ला तिच्या घरच्याईले सबर देवो.

पण तुह्यावर मी नाराज आहे. माह्यं एकच मागणं होतं. पोट्टीनं अर्ज दिला तर तो दाबून ठेवता येत नव्हता का? इनचार्जले किती गोष्टी करता येतात हे मले माहीत आहे. फाईलच्या खाली ठेवाचा, विचारलं तर म्हणाचं वर पाठवला. सही कायले केली?

आता ती आत आहे आणि इथं मी पाटी घेऊन बसली आहे. शेजारची पोट्टी दारात दिसली की मी पाटी पुढं करते. परवा ती नुसती कोथिंबीर मागाले आली होती.

ममताचं मनाले लावून घेऊ नको. आपल्या पेशात हे आहे. पटकीच्या साथीत माह्यासोबतची एक सिस्टर गेली होती. तुह्या हातात काई नव्हतं. तुहा काय कसूर?

ईदले शिरखुर्मा करणार नाई यंदा.

जैबुनबी


यवतमाळ
२० जून २०२१

आपा,
सलाम.

तुम्ही विचारलं, माझा काय कसूर. पाच आठवडे मी त्याचं उत्तर लिहिलं नाही. आज रविवार आहे, वॉर्डात सहाच पेशंट आहेत, आणि आता न लिहायला कारण उरलेलं नाही.

बावीस मार्चला जियाच्या जागी ममता होती.

तुमचं पत्र आलं तेव्हा ममताचे चौदा दिवस नुकतेच संपत होते. त्यानंतर सात दिवस हॉस्टेल आणि मग घरी जायला आठ दिवसांची रजा मंजूर झालेली होती. तिची मुलगी अडीच वर्षांची आहे, सासूजवळ असते. मी दुसऱ्या कोणाला टाकू शकत होते. पण बाकीच्या भांडल्या असत्या, कारण विचारलं असतं. ममता भांडणारी नव्हती. म्हणून ती. तिचा हात चांगला होता म्हणून नव्हे. ती गप्प बसेल म्हणून.

बॅग भरून ती हॉस्टेलच्या पायरीवर बसली होती. मी स्वतः गेले सांगायला. ती म्हणाली, 'माझा नंबर तर आत्ताच होऊन गेला ना, सिस्टर?' मी म्हटलं, 'ऑर्डर वरून आली. माझ्या हातात काय आहे?' ती म्हणाली, 'बरं.' आणि बॅग परत आत नेली.

वरून काही आलं नव्हतं. जियाचं नाव मी माझ्या पेनानं खोडलं.

जियाला ते कळलं ममता दाखल झाल्यावर. वॉर्डातली यादी घेऊन ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली. 'सिस्टर, इथं माझं नाव होतं. कोणी खोडलं?' मी म्हटलं, 'मी.' 'काहून?' मी म्हटलं, 'लसीकरणाला माणूस कमी होता.' तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिथंच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. तो मी कसा दाबून ठेवणार होते, आपा? त्यानंतर चौदा दिवस तिनं ममताचं सगळं केलं. शेवटी ममताला धाप लागायची तेव्हा ती आमच्या बंजारा लोकांच्या गोर बोलीत याडीला हाका मारायची. जियाला ती बोली येत नाही. ती मला बोलवायची, 'सिस्टर, काय म्हणून राह्यली ती?' मी सांगायचे, आईला बोलावते आहे. एवढंच मी केलं.

आता पुढचं. गेल्या सोमवारी ममताचा नवरा आला. गोपाल त्याचं नाव, बोरी अरबला बी-बियाण्याच्या दुकानात असतो. त्याला दाखला हवा आहे, ममता कोविड ड्यूटीवर असताना आजारी पडली असा. ऑफिसनं त्याला सांगितलं, रेकॉर्डप्रमाणे त्या रजेवर होत्या. यादी बदलली की मी ऑफिसला पत्र द्यायला पाहिजे होतं. दिलं असतं तर कारण लिहावं लागलं असतं. म्हणून दिलं नाही. वॉर्डातल्या यादीत ती ड्यूटीवर आहे, ऑफिसच्या कागदावर रजेवर.

तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'तांड्यात लोक विचारून राह्यले सिस्टर, रजेवर होती तर घरी काहून नाई आली? कुठं गेलती? माह्या मायले पाणी भरताना बाया बोलतात. ती ड्यूटीवर होती, एवढंच लिहून द्या.'

मी म्हटलं, बघते.

सहा दिवस मी बघते आहे. मला झोप लागते, जेवण जातं. मला वाईट वाटायला हवं, हे मला माहीत आहे. ते कुठे असतं ते सापडत नाही. भूल दिल्यावर आपण पेशंटला चिमटा काढून विचारतो ना, कळतं का, तसं मी स्वतःला विचारते.

वर्षा


दिग्रस
२८ जून २०२१

वर्षा,

तुह्या पत्राले चार दिवस हात लावला नाई. पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा काढून ठेवला आणि गॅरेजच्या शटरजवळ जाऊन बसली.

मले वाटत होतं मी जियाले बाहेर काढून राह्यली. तिच्या जागी कोणाले तरी आत ढकलून राह्यली, हे माह्या डोक्यात आलंच नाई, असं लिहावं वाटते. पण ते खोटं होईन. बत्तीस वर्षं याद्या केल्या मी. एक नाव काढलं की दुसरं टाकाच लागते, जागा रिकामी राहत नाई, हे माह्याइतकं कोणाले माहीत? मी फक्त तिचं नाव विचारलं नाई.

आणि मग मी झोपली. रात भर झोपली, हे मीच तुले लिहिलं होतं. ममता आत होती तेव्हा.

आता तू काय करशीन ते तू ठरव, असं मी म्हणणार नाई. मी तुही इनचार्ज होती, आजच्या दिवस पुन्हा आहे. ऑफिसले लिहून दे. तारीख टाक, वेळ टाक, खोडलं कोणी ते टाक. वरून ऑर्डर नव्हती हेही टाक. तुही खुर्ची जाईन, चौकशी लागीन. लागू दे. त्या माणसाले 'बघते' म्हणून परत पाठवू नको.

सोबत एक कागद आहे. मी सेवानिवृत्त परिसेविका जैबुनबी शेख, नातीले कोविड वॉर्डातून वगळाले मी लेखी विनंती केली होती, असं लिहून सही केली आहे. तुह्या अर्जाले जोड. मले वाचवू नको. या वयात मले वाचवून काय करतं?

जियाले मी सांगतलं. ती बकरी ईदच्या आधी एक दिवस येणार होती, आधीच आली. माह्या समोर बसली. पाटीवर मीच लिहिलं, कारण बोलून दाखवाची हिंमत नव्हती. तिनं वाचलं, फडक्यानं पाटी पुसली आणि लिहिलं, 'दादी, ती मला तिच्या पोरीचे फोटो दाखवायची.' मग बॅग उचलून एस.टी. स्टँडवर गेली. जेवलीही नाई.

जैबुनबी


यवतमाळ
३ ऑक्टोबर २०२१

आपा,
सलाम.

तीन महिने पत्र नाही, कारण लिहिण्यासारखं काही पूर्ण झालेलं नव्हतं. आता झालं आहे.

दोन जुलैला मी अर्ज दिला. तुमचा कागद जोडला. मेट्रन बाईंनी वाचला आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, 'वर्षा, साथीत सगळीकडे याद्या बदलल्या. कोणी विचारणार नाही. हे कशाला उकरतेस?' मी म्हटलं, तिचा नवरा विचारतो आहे. त्यांनी अर्ज पुन्हा समोर ओढला. मग शिक्का मारला.

चौकशी झाली. तीनदा तेच सांगितलं. शेवटी मला इनचार्जवरून काढलं आणि माझी बाळंतपणाच्या वॉर्डात साधी ड्यूटी लावली. पगारवाढ थांबवली आहे. तुमच्याबद्दल त्यांनी एवढंच लिहिलं की सदर महिला आता सेवेत नाही. कोविड वॉर्डाची यादी आता दुसरी सिस्टर करते. मला भेटली की ती दुसरीकडे बघते. मी तिला समजू शकते.

जियाचं कंत्राट वाढलं. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तुम्हाला पाठवते का काही, ते मी विचारलेलं नाही.

ममताचा दाखला सतरा सप्टेंबरला निघाला. पोस्टानं जाणार होता. मी मागून घेतला आणि गुरुवारी दारव्ह्याच्या गाडीनं बोरी अरबला गेले. तांडा तिथून पायी वीस मिनिटं. सोयाबीन काढणी चालू आहे, घरांत माणसं कमी होती. गोपाल दुकानातून आला. त्याची आई मथुराबाई ओट्यावर सोयाबीन निवडत होती. मुलगी झोपली होती.

मी गोपालला दाखला दिला. त्यानं दोनदा वाचला. मग विचारलं, 'तिले पाठवलं तेव्हा ती काई म्हणाली होती का?'

मी सांगितलं. ती म्हणाली माझा नंबर होऊन गेला ना. मी म्हटलं ऑर्डर वरून आली. ऑर्डर नव्हती, मी बदललं, ओळखीच्या पोरीला वाचवायला. हेच सगळं, याच क्रमानं. दाखला हातात होता, तो चुरगळू नये म्हणून त्यानं दुसऱ्या हातात घेतला.

'तिनं भांडाले पाह्यजे होतं,' तो म्हणाला. 'मी तिले नेहमी सांगत होतो, भांडत जा.'

मथुराबाईला आमचं सगळं ऐकू आलं होतं. तिनं सूप बाजूला ठेवलं. ती मला काही बोलेल म्हणून मी उभी राहिले. तिनं आमच्या बोलीत विचारलं, 'कागदावर काय लिहिलं?' गोपाल वाचायला लागला तर ती म्हणाली, 'तू नको. हिलेच वाचू दे.'

मी वाचलं. श्रीमती ममता गोपाल जाधव, अधिपरिचारिका, या दिनांक बावीस मार्च ते चार एप्रिल दोन हजार एकवीस या कालावधीत कोविड कक्षात कर्तव्यावर होत्या.

'मोठ्यानं वाच,' ती म्हणाली.

मी मोठ्यानं वाचलं. शेजारच्या घरातून एक बाई दारात आली. मथुराबाई उठली, माझं मनगट धरलं आणि मला अंगणात आणलं, मग अंगणातून वाटेवर. हापशीजवळ चार-पाच बाया होत्या. तिथं मला उभी केली.

'इथं वाच.'

आपा, मी वॉर्डात किती जणांना किती गोष्टी मोठ्यानं सांगितल्या असतील. माझा आवाज कधी हलला नाही. तिथंही नाव वाचलं, तारखा वाचल्या, तोवर नीट होता. 'कर्तव्यावर' म्हटलं आणि पुढचा शब्द निघेना. मी पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतलं. पुन्हा तिथंच अडकले. बाया कळशा धरून उभ्या होत्या. मथुराबाईनं माझं मनगट सोडलं नाही, आणि मला थांबूही दिलं नाही.

'होत्या,' ती म्हणाली. 'म्हण. होत्या.'

मी म्हटलं.

वर्षा